‘इन’ एक की दोन? : एका इंग्रजी उपसर्गाची चर्चा

पेट्रोलच्या टँकरवर ‘हायली इनफ्लेमेबल’ असे लिहिलेले असते. ‘इनकरेक्ट’ म्हणजे बरोबर नसलेले, तर ‘इनफ्लेमेबल’ म्हणजे पेट न घेणारे असायला हवे, अशी शंका भाचीने परवा विचारली. शंका रास्त आहे. याच घोटाळ्यातून अपघात होऊ नयेत म्हणून अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकात ‘फ्लेमेबल’ हा शब्द वापरण्याचा आग्रह धरला होता.

मूळ लॅटिनमध्येच एकसारखे दिसणारे दोन ‘इन्’ आहेत. एक ‘आत, वर’ या अर्थाचा. ‘इनफ्लेमेबल’ मधला हाच असून ‘इनफ्लामारे’ म्हणजे पेटवणे, भडकवणे. ‘इम्पोर्ट’ म्हणजे शब्दशः आत वाहून आणणे, तेही याचेच. दुसरा नकाराचा. दोघांनाही संधीचे नियम सारखेच लागतात, म्हणजे आपल्याकडे ‘उत्’ आणि ‘लंघन’ यांचे जसे ‘उल्लंघन’ होते, तसे ‘ल’पूर्वी ‘इल’ होते. पण त्यामुळे ‘इललीगल’ मध्ये नकार आणि ‘इलुमिनेट’ मध्ये प्रवेश असूनही रूपावरून काहीच कळत नाही.

नकाराच्या ‘इन्’शी मात्र आपले जवळचे नाते आहे. तो, ग्रीकमधला ‘अ’ किंवा ‘अन्’, इंग्रजीचा स्वतःचा ‘अन’ आणि संस्कृतातला नञ् (म्हणजे नकार दाखवणारा ‘अ’ किंवा ‘अन्’) हे चौघे एकाच मूळ रूपाचे वंशज आहेत. संस्कृतात व्यंजनापूर्वी ‘अ’ येतो आणि स्वरापूर्वी ‘अन्’ (अशक्य, पण अनादि). ग्रीकमध्येही नेमके तसेच. मला सर्वांत मोह पडतो तो ‘अज्ञात’ या शब्दाचा. इंग्रजी ‘अननोन’, ग्रीकवरून घडवलेला ‘ॲग्नॉस्टिक’ आणि लॅटिनमधून इटालियनमार्गे आलेला ‘इन्कॉग्निटो’ या तिन्हींत उपसर्गही आपलाच आणि धातूही आपलाच ‘ज्ञा’! आज गावंढळ, असभ्य अशा अर्थाने वापरला जाणारा ‘अनकूथ’ हाही जुन्या इंग्रजीत ‘अज्ञात’च होता, अनोळखी, म्हणून विचित्र, म्हणून असंस्कृत, असा त्याचा अर्थ घसरत गेला.

‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे बिनकिमतीचे, असे कोणी म्हटले तर त्याला ‘अमूल्य’ची आठवण करून द्यावी, दोन्हीकडे किंमत ठरवताच येत नाही, असा अर्थ आहे. ‘इनफेमस’ थोडा अवघड आहे, कारण तो अप्रसिद्ध नव्हे तर कुप्रसिद्ध. इथे संस्कृत व्याकरणपरंपरेने सांगितलेले नञ्‌चे सहा अर्थ उपयोगी पडतात : सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य आणि विरोध. ‘अवेळी आला’ म्हणताना वेळच नव्हती असे आपल्याला म्हणायचे नसते, ती वेळ योग्य नव्हती असे म्हणायचे असते. ‘इनफेमस’ मधला नकार मला या अप्राशस्त्याच्या जातीचा वाटतो.

मात्र २०२० मध्ये सर्वांच्या तोंडी झालेला ‘अनलॉक’ या कुटुंबात धरू नये. तिथे ‘कुलूप नसणे’ असा अर्थ नसून लावलेले कुलूप काढणे, म्हणजे केलेली क्रिया उलटवणे, असा आहे, आणि तो ‘अन’ वेगळ्या मुळाचा, ग्रीक ‘अँटी’च्या नात्यातला आहे.