विषय: पहिलं पिस्तूल, बजेट ५०० डॉलर

प्रेषक: केटीकर

नमस्कार मंडळी,

आपल्या ह्यूस्टनकर मराठी मंडळींच्या या मेल-लिस्टवर मोदकांच्या ऑर्डरी आणि "कोणी पुण्याला जातंय का, औषधं न्यायची आहेत" एवढंच चालतं, त्यामुळे विचारू की नको असं झालं होतं. तरी विचारते.

नवरा दोन आठवडे समुद्रात तेलाच्या रिगवर असतो, दोन आठवडे घरी. मुलगा नऊ वर्षांचा. मागच्या गल्लीत दोन घरं फुटली आणि तेव्हापासून घरात पिस्तूल ठेवावं का, ही चर्चा सुरू आहे. दोघांचीही ग्रीन कार्डं आली आहेत. सगळं मिळून ५०० डॉलर घालायची तयारी आहे, त्याहून जास्त नाही.

दुकानात गेले होते. काउंटरमागच्या गृहस्थांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि गुलाबी मुठीचं चिमुकलं रिव्हॉल्व्हर पुढे केलं. "लेडीज हेच घेतात" म्हणे. हलकं आहे, पर्समध्ये मावतं, ३८० डॉलर. घेऊ का? दिवाळीतल्या टिकल्यांच्या बंदुकीपलीकडे मी आजवर काही चालवलेलं नाही.

ज्यांना हा विषयच पटत नाही त्यांनीही लिहा, पण जरा सबुरीनं.

*

प्रेषक: पर्लँडकर

केटीकर ताई,

ते गुलाबी रिव्हॉल्व्हर त्या गृहस्थांनाच लखलाभ होवो.

हलकं पिस्तूल नवशिक्याला सोपं, हा समज दुकानदारांनीच पसरवलेला. गोळी तीच आणि हत्यार जितकं हलकं तितका हाताला बसणारा झटका मोठा. ती छोटी पाच गोळ्यांची रिव्हॉल्व्हरं वजनाला जेमतेम १५ औंस, नळी दोन इंचांच्या आत, आणि चाप ओढायला दहा-बारा पौंडांचा जोर. म्हणजे हत्याराच्या वजनाच्या दहापट जोर बोटानं लावायचा आणि तोवर नेम हलू द्यायचा नाही. मुरलेले लोक ती वापरतात, कारण ती खिशात मावतात. तुम्हाला ते घरात, कुलुपात ठेवायचं आहे. मग खिशात मावण्याचं कौतुक कशाला? मधल्या आकाराचं घ्या, पूर्ण पंजा मुठीवर बसेल असं.

गोळी कोणती? ९ मिलिमीटर. यावर लोक रात्र रात्र भांडतात, पण नवीन माणसाला तो वाद परवडत नाही. सरावाच्या ९ मिलिमीटर गोळ्या साधारण २५ ते ३० सेंटला एक पडतात, प्रत्येक दुकानात असतात, आणि बहुतेक पिस्तुलं तिच्यासाठीच बनतात. .३८० नावाच्या गोळीला लोक "हलकी गोळी" म्हणतात. पण ती महाग, आणि इवल्याशा पिस्तुलातून उडवली तर हात झिणझिणतो.

आता स्वस्ताईतली एक मेख सांगतो, कारण तुम्हाला कोणीतरी हे सुचवणारच. पोलिसांनी वापरून परत केलेली .४० नावाच्या मोठ्या गोळीची पिस्तुलं, विशेषतः ग्लॉक कंपनीचं ग्लॉक २२, ३०० ते ३५० डॉलरला दिसतील. ग्लॉकच्या मानानं फुकट वाटावं असा भाव. यामागे एक गोष्ट आहे. १९८६ साली मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली, त्यात दोन एजंट गेले. आपली गोळी कमी पडली असा निष्कर्ष निघाला आणि एफबीआय मोठ्या गोळीकडे वळली. आधी १० मिलिमीटर, मग .४०. देशभरचे पोलीस मागोमाग गेले. पुढे ९ मिलिमीटरची गोळीच सुधारली आणि मोठ्या झटक्यामुळे शिपायांचे नेम चुकतात हेही लक्षात आलं, तेव्हा २०१५ च्या आसपास एफबीआय परत ९ वर आली. बाकीचेही परतले. दुकानांतला .४० चा ढीग म्हणजे त्या परतीच्या प्रवासात टाकून दिलेलं सामान. पिस्तूल उत्तम, पण झटका जास्त आणि गोळी महाग. शिकणाऱ्याला या दोन्ही गोष्टी नकोत.

मग काय घ्यायचं? तुमच्या भावात रूगर सिक्युरिटी-९, स्मिथ अँड वेसनचं एसडी-९, टॉरसचं जी-३. तिन्ही ३०० ते ३८० च्या दरम्यान, सेलमध्ये थोडी खाली. माझं मत मागाल तर रूगर, कारण त्याची स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे ओढायला हलकी. ग्लॉक १९ जास्त टिकाऊ आणि सुटे भाग कुठेही मिळणारे, पण ५०० च्या वर जातं. मग गोळ्या आणायच्या कशातून? हाय-पॉइंट नावाचं ओहायोत बनणारं पिस्तूल २०० ला मिळतं. वजनदार, ओबडधोबड, लोक त्याची टर उडवतात. बार मात्र निघतो. तरी मी ते सुचवणार नाही, त्याची स्लाइड ओढताना माझीही दमछाक होते.

दुकानात पहिली परीक्षा हीच. मालकाला पिस्तूल रिकामं करून दाखवायला सांगा, मग स्वतः पाच-सहा वेळा स्लाइड मागे ओढा. जमत नसेल तर कितीही स्वस्त असो, सोडा. मनगटात जोर कमी असेल तर स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी याचसाठी काढलेलं आहे, पण ते ४०० च्या पुढे.

आता हिशोब, कारण खरी गोम इथे आहे. पिस्तूल ३२०, त्यावर सव्वाआठ टक्के टॅक्स म्हणजे २६. कुलपाची पेटी ५०-६०. कानाचे मफ आणि चष्मा मिळून ३०. सरावाच्या दोनशे गोळ्या ५५. घरात ठेवायच्या हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाशी पोकळ गोळ्यांचा एक डबा २५. झाले ५०० पार, आणि पिस्तूल चालवायला शिकवणारा क्लास अजून आलाच नाही. म्हणून माझा सल्ला उलटा आहे: पहिले शंभर डॉलर क्लासवर घाला, पिस्तूल नंतर. नेमबाजीच्या रेंजवर १०-१५ डॉलर भाड्यानं हवं ते पिस्तूल मिळतं. तीन वेगवेगळी भाड्यानं चालवून बघा आणि मग ठरवा. कदाचित घ्यायचंच नाही असं ठरेल. तसं झालं तरी ते शंभर डॉलर सत्कारणी लागले.

आपला,
पर्लँडकर

*

प्रेषक: शुगरलँडकर

ताई,

मी लहान मुलांची डॉक्टर आहे आणि मला हा विषय पटत नाही, हे आधीच सांगते. सबुरीनं लिहितेय.

या देशात बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, चोर-दरोडेखोर नव्हेत. घरातल्या कोणाचे दिवस वाईट चालले असतील, आणि रिगवरच्या नोकरीत तसे दिवस येतात, तर त्या काळात पिस्तूल घराबाहेर असलेलं बरं. तुमच्याकडे तसं काही आहे असं मी म्हणत नाही. पण विकत घेण्याआधी दोघांनी एकमेकांना हे स्पष्ट विचारा.

दुसरं, नऊ वर्षांच्या मुलाला घरातल्या सगळ्या जागा माहीत असतात. माळ्यावरच्या डब्यातला चिवडा कोणाला सापडला नाही? कपाटाचा वरचा खण, गादीखाली, पर्समध्ये, हे लपवणं नव्हेच. निष्काळजीपणानं ठेवलेलं भरलेलं हत्यार १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर टेक्सासच्या कायद्यात तो गुन्हा आहे. बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन अकादमीचा सल्ला याहून कडक: हत्यार रिकामं आणि कुलुपात, गोळ्या वेगळ्या कुलुपात.

आणि घरफोडीचीच भीती असेल तर आधी दाराच्या चौकटीतले आखूड स्क्रू काढून तीन इंची घाला, मागे सेन्सरचा दिवा लावा. वीस-पंचवीस डॉलरचं काम.

*

प्रेषक: पर्लँडकर

डॉक्टरीण बाईंच्या स्क्रूंना माझं पूर्ण अनुमोदन. दाराचं काम पिस्तुलाच्या आधी करा.

पेटीबद्दल एकच भर घालतो. परवानाधारक दुकानदाराला पिस्तुलासोबत कुलूप द्यावंच लागतं, केंद्राचा कायदा आहे. ती तारेची केबल असते. ती पिस्तूल रिकामं ठेवायला ठीक, पण रात्री अंधारात तिची किल्ली शोधत बसाल. आकड्यांची बटणं असलेली छोटी पोलादी पेटी घ्या आणि पलंगाच्या चौकटीला किंवा भिंतीतल्या लाकडाला बोल्टनं आवळा. नाहीतर चोर पेटीसकट घेऊन जाईल. बोटाच्या ठशानं उघडणाऱ्या स्वस्त पेट्यांवर माझा विश्वास नाही. कोड मुलाच्या वाढदिवसाचा ठेवू नका, पोरांना तो आधी सुचतो.

*

प्रेषक: सायप्रसकर

हाय ऑल, सेम प्रश्न माझापण. मी एच-१बी वर्क व्हिसावर आहे, आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीनं केलेला अर्ज) अप्रूव्ह होऊन चार वर्षं झाली. टेक्सासमध्ये तर २०२१ पासून परवान्याशिवाय पिस्तूल कॅरी करता येतं ना? मग मी पण घेऊ शकतो का? निदान रेंजवर तरी जाऊ शकतो ना?

*

प्रेषक: वुडलँड्सकर

सायप्रसकर, थांबा. काहीही करण्याआधी हे वाचा.

टेक्सासचा तो कायदा ज्यांना मुळात हत्यार बाळगायची मुभा आहे त्यांच्यासाठी. तुम्हाला ती केंद्राच्या कायद्यानं नाही. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला, मग तो एच-१बी असो, एच-४, एल-१ किंवा एफ-१, हत्यार किंवा गोळ्या जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. आय-१४० मंजूर झालं म्हणजे तुम्ही रांगेत आहात, व्हिसा अजून तोच. रेंजवर भाड्यानं घेतलेलं पिस्तूलसुद्धा "जवळ बाळगणं" यातच येतं.

एक वाट कायद्यातच आहे: एखाद्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना हातात असेल तर ही बंदी लागू होत नाही. बरेच जण तो काढून रेंजवर जातात. पण त्या भरवशावर काही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला पैसे देऊन विचारा, लिस्टवर नको. खरेदीच्या वेळी भरायच्या ४४७३ नंबरच्या फॉर्मवर नागरिकत्व आणि व्हिसा सरळ विचारतात, आणि तिथे खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा. बंदुकीच्या गुन्ह्यानं ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं. मित्राच्या नावावर घ्यायचा विचार तर मनातही आणू नका. दुसऱ्यासाठी आपल्या नावावर घेणाऱ्याला तुरुंग आहे.

केटीकर, तुम्हाला ग्रीन कार्डावर घेता येईल. वय २१ पूर्ण, राहत्या राज्यातलं दुकान, कार्डावरचा नंबर फॉर्मवर. एफबीआयची तपासणी बहुतेकदा काही मिनिटांत होते, कधी "डिले" येतो आणि दोन-चार दिवस जातात; आपल्या नावांमुळे घाबरून जाऊ नका. गांजाचा प्रश्नही त्याच फॉर्मवर आहे, आणि कोलोरॅडोत तो चालतो म्हणून फॉर्मवर चालत नाही.

दोन गोष्टी आपल्या लोकांच्या लक्षात येत नाहीत. एक, आई-बाबा सहा महिने राहायला येतात ते व्हिजिटर व्हिसावर. त्यांनाही हीच बंदी, म्हणून पेटीचा कोड त्यांना सांगायचा नाही. बाबा सैन्यात होते म्हणून नेम दाखवतो म्हणाले तरी नाही. दोन, रेंजला नेलेली बॅग भारतात जाताना वापरू नका. खणाच्या शिवणीत अडकलेली एक गोळी मुंबईच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसली तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवतात, सुट्टी पोलीस चौकीत आणि कोर्टात जाते. रेंजची बॅग वेगळी, कायमची वेगळी.

*

प्रेषक: लिस्ट संयोजक

मंडळी, चर्चा चांगली चालली आहे म्हणून थांबवत नाही. फक्त एक: आपला गणपती आणि दिवाळी शाळेच्या हॉलमध्ये असते. शाळेच्या इमारतीत हत्यार आणणं टेक्सासमध्ये गुन्हा आहे, परवाना असला तरी. खंडेनवमीला पिस्तुलाची पूजा करायची तर घरी करा, मंडळात आणू नका. हे गमतीत लिहीत नाही, मागे एकांनी खरंच विचारलं होतं.

*

प्रेषक: केटीकर

सगळ्यांचे आभार. नवऱ्याशी फोनवर बोलले. डॉक्टरांनी सांगितलेला प्रश्नही विचारला, तो आधी हसला आणि मग बराच वेळ नीट बोलला. स्क्रू आणि दिवा या आठवड्यात. पिस्तूल तो परत आल्यावर, आणि आधी क्लास, दोघांचा. बजेट ६०० केलं आहे, त्यातले शंभर क्लासचे. पर्लँडकर काका, रूगर भाड्यानं कुठे मिळेल? आणि पहिल्या दिवशी काय घालून यायचं?

*

प्रेषक: पर्लँडकर

रेंजचा पत्ता वेगळ्या मेलवर पाठवतो. फोन करून रूगर भाड्याच्या यादीत आहे का ते विचारून घ्या, आणि शनिवारी दुपारी जाऊ नका, तेव्हा शेजारच्या लेनवर कोणीतरी रायफल घेऊन येतं आणि नवीन माणूस प्रत्येक बाराला दचकतो. मंगळवारची सकाळ उत्तम.

बंद बूट. गळ्याशी बंद असलेला टी-शर्ट, खोल गळ्याचं काही नको, कारण गरम रिकामं काडतूस उडून आत जातं आणि माणूस भरलं पिस्तूल हातात असताना नाचायला लागतो. मंगळसूत्र लांब असेल तर आत घाला. चाप ओढायचं ठरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर, आणि नळी कायम समोर, बोलायला मागे वळतानासुद्धा. पहिल्या दिवशी पन्नास गोळ्या पुरे. त्यानंतर हात दमतो आणि माणूस झटक्याच्या धास्तीनं चुकीच्या सवयी लावून घेतो. निघताना थंड पाण्यानं आणि साबणानं हात धुवा, शिशाची भुकटी असते, आणि ते कपडे मुलाच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

५० गोळ्यांचा एक डबा माझ्याकडून. बाहेरून आणलेल्या गोळ्या भाड्याच्या पिस्तुलात काही रेंज चालू देत नाहीत, ते फोनवरच विचारा. तिथेच घ्याव्या लागल्या तर माझा डबा पुढच्या खेपेला.