जागलीवर खेळायले टेक्स्ट गेम सांगा, झॉर्क सोडून

जागल्या_वऱ्हाडी
राजेहो, तुरीत रानडुकरं घुसून राहिले म्हनून सध्या रातभर मचानावर जागल चालू आहे. नेटवर्कची एक दांडी आली तं आली, नाही तं तेही नाही, अन् मोबाईलची बॅटरी सकाळपर्यंत पुरवा लागते कारन टॉर्च त्यातच. म्हनून थे इंटरॅक्टिव्ह फिक्शन खेळून राहिलो, काळ्या स्क्रीनवर नुसता मजकूर, आपन कमांड टाइप करायची, गोष्ट पुढं सरकते. पन कोनालेही विचारा, झॉर्क सांगते. मान आहे त्याचा, 1980 चा गेम आहे, पन भुयार, कंदील अन् खजिना झालं आता पुरे. कोनी सांगत नाही असं काही विचित्र सांगा. इंग्रजी समजते, पन लय जड नको.

पुस्तकी_किडा
आइल खेळ भाऊ, सॅम बार्लोचा, 1999 चा. अख्ख्या गेममंदी एकच चाल. गुरुवारची रात, थकलेला एक मानूस सुपरमार्केटात ट्रॉली घेऊन उभा, फळीवर न्योकीच्या पिशव्या दिसते (बटाट्याचा पास्ता असते थो) अन् त्याले रोम आठवते, जवळच एक बाई आपली ट्रॉली भरून राहिली. बस. तू एक कमांड देतो अन् गोष्ट खतम. मंग परत तीच फळी, तीच बाई, तू दुसरं काही टाइप करतो. शंभराच्या वर शेवट आहेत अन् सगळ्या गोष्टी एकाच मानसाच्या नाही हे गेम सुरुवातीलेच सांगून टाकते. काही शेवट हसवते, काहींनंतर मोबाईल बाजूले ठेवावा वाटते. बाईशी बोलून पाह्य, न्योकी घेऊन पाह्य, अन् मंग काहीबाही टाइप कर, त्याचंही उत्तर बहुतेक वेळा लिहून ठेवलेलं असते.

9:05 बी घे, ॲडम कॅड्रेचा, 2000 चा. सकाळी फोन वाजते, तुले ऑफिसले उशीर झाला. याच्यापुढं मी काही सांगत नाही. लहानसाच आहे, पन एकदा संपला की लगेच दुसऱ्यांदा खेळायचा.

खेड्यातली_मॅडम
मला ही टाइप करायची भानगडच आवडत नाही. दार उघडायला कोणतं क्रियापद चालेल हे शोधण्यातच अर्धा जीव जातो, गोष्ट राहते बाजूला. त्यापेक्षा ट्वाइन नावाच्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर केलेले बघा, लिंक दाबायची की झालं. ॲना ॲन्थ्रॉपीचा क्विअर्स इन लव्ह ॲट द एंड ऑफ द वर्ल्ड आहे 2013 चा, जग संपायला दहा सेकंद उरलेत अन् समोर आपलं माणूस. दहा सेकंदांचं घड्याळ खरंच चालू असतं, वाचत बसलात तर तेवढ्यात संपतं, म्हणून आधी काय वाचायचं हेच ठरवावं लागतं.

पॉर्पेंटाइनचा विथ दोज वी लव्ह अलाइव्ह (2014) तर खेळता खेळता तुम्हाला पेन घेऊन स्वतःच्या अंगावर खुणा काढायला सांगतो. मी हातावर काढल्या अन् दुसऱ्या दिवशी वर्गात पोरं विचारत बसली, मॅडम हे काय. सगळ्यांना झेपेल असा नाही, अंगावर येतो.

आणि ट्वाइन फुकट आहे, क्रिस क्लिमासने 2009 मध्ये आणलं. गेम एका एचटीएमएल फाइलीत, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पानात निघतो, त्यात देवनागरी लिहिता येते. आपल्याकडच्या गोष्टी कोणी लिहीत का नाही देव जाणे.

संत्रेवाला
मॅडम तुमचं बरोबर आहे पन काही काही गेम टाइप केल्याशिवाय होऊच शकत नाही. रॅमसीज घ्या, स्टीफन बॉन्डचा, 2000 चा. बोर्डिंगमधला एक पोरगा आहे, तुम्ही त्याले म्हना याच्याशी बोल, त्याले उत्तर दे, थो काही ना काही कारन काढून करतच नाही. आपन टाइप करून करून चिडतो अन् हळूहळू समजते का हा असा काहून आहे. लिंक दाबून हे होईल काय?

तसाच स्पायडर अँड वेब, अँड्र्यू प्लॉटकिनचा, 1998 चा. तुम्ही पकडले गेलेले हेर. खुर्चीत बसवून चौकशी चालू, तुम्ही जे खेळता थे म्हंजे तुमची जबानी. जमली नाही का समोरचा म्हनते खोटं आहे, पुन्हा सांग. मधात एक जागा अशी येते का डोकं गरगरते, तिथं अडकला तं जागल्या भाऊ लगेच उत्तर शोधू नको, सकाळ होऊ दे.

अन् तुह्या बॅटरी-डेटाचं म्हनशील तं, हे जुन्या धाटनीचे गेम झेड-मशीन नावाच्या गेम चालवायच्या सॉफ्टवेअरवर चालते, थे 1979 मंदी इन्फोकॉम या गेम कंपनीवाल्यांनी त्या काळच्या दुबळ्या कॉम्प्युटरसाठी बनवलं. त्याच्या झेड5 प्रकारची गेमची फाइल 256 केबीच्या वर जाऊच शकत नाही, झेड8 ची हद्द 512 केबी. व्हॉट्सॲपवरचा गुड मॉर्निंगचा फोटो याच्याहून मोठा असू शकते.

पुस्तकी_किडा
अरे अन् लॉस्ट पिग राह्यलाच! 2007 चा, त्या वर्षीची इंटरॅक्टिव्ह फिक्शन कॉम्पिटिशन जिंकला होता. ग्रंक नावाचा एक ऑर्क (गोष्टीतला राक्षसासारखा प्रानी), त्याच्या हातून शेतावरचं डुक्कर पळालं अन् आता थो मशाल घेऊन अंधारात त्याले शोधून राहिला. सारी गोष्ट ग्रंक आपल्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगते, त्यामुळं जड तं बिलकुल नाही. याच्यासाठीच बनवला जसा काही.

जागल्या_वऱ्हाडी
म्हंजे मी इकडं डुक्कर हाकलू अन् मोबाईलमंदी डुक्कर शोधू 😂 जमलं बाप्पा. आइल अन् लॉस्ट पिग पह्यले घेतो. मॅडम, थो पेनवाला सध्या नको, अंधारात हातावर काय काढीन. संत्रेवाला भाऊ, बुधवारच्या बाजाराले येता न तुम्ही? रॅमसीज अन् स्पायडरची फाइल ब्लूटूथनं देऊन द्या, इथं डाउनलोडच होऊन नाही राहिलं.

संत्रेवाला
येतो. फाइल उघडायचं ॲप बी देतो, त्याच्याशिवाय काय करशील. चार्ज करून आनजो मोबाईल, मागच्या खेपेले बंदच होता.