लेखी तगादा लावला की आपल्याकडे पार्टी दुखावते, जर्मनीत का नाही?

वसुलीकन्या:
नमस्कार मंडळी. जर्मनीत मास्टर्स करतेय, सोबत यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये अर्धवेळ काम. बाबांचं लेथचं वर्कशॉप आहे, त्यामुळे बिल निघाल्यापासून पैसे हातात येईपर्यंत किती चपला झिजतात ते लहानपणापासून पाहिलंय. सेमिनारचा विषय आहे दोन देशांतल्या व्यापाराच्या रीती. वर्गातले बहुतेक जण "भारतीय नात्यावर धंदा करतात, जर्मन नियमावर" असं लिहून मोकळे होणार. मला ते पटत नाही.

इथे बिलावरच छापलेलं असतं: 10 दिवसांत पैसे दिलेत तर 2 टक्के कापून घ्या, नाहीतर 30 दिवसांत पूर्ण रक्कम. याला स्कोंटो म्हणतात. आमच्या सेक्शनच्या बाई सकाळी आल्या आल्या आज कुठल्या बिलाचा स्कोंटो संपतोय ते बघतात, कॉफी नंतर. 20 दिवस आधी दिल्याचे 2 टक्के, म्हणजे वर्षाला 36 टक्क्यांच्या आसपास. कुठली बँक देते एवढे? यात शिस्त किती आणि फायदा किती, तुम्हीच सांगा.

बिल थकलं की दोन ओळींचं कोरडं पत्र जातं. पुढच्याच आठवड्यात तो ग्राहक हसतखेळत नवी ऑर्डर देतो. बाबांनी असं पत्र धाडलं तर पार्टी म्हणेल, "आमच्यावर विश्वास नाही का?" म्हणून बाबा फोन करतात. आधी तब्येत, मग मुलांच्या परीक्षा, मग पाऊस, आणि फोन ठेवता ठेवता, "ते मार्चचं जरा बघा ना."

आपल्याकडे कायदा नाही म्हणून असं होतं का?

ताळेबंद:
कायदा आहे की! 2006 चा एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. वर 2023 च्या वित्त कायद्याने आयकरात 43बी(एच) हे कलम आणलं: मुदत चुकवली तर खरेदीदाराला त्या खर्चाची करात वजावट पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत नाही. माझ्या क्लायंटपैकी व्याज कोण मागतं? कोणी नाही. व्याज मिळेल हो, पुढची ऑर्डर कोण देणार?

ओसाका_मुक्काम:
जपान घाल तुझ्या पेपरात, नातं-नियम ही वाटणीच मोडेल. इथे पिढ्यान् पिढ्यांचे पुरवठादार असतात, नात्याला तोटा नाही. तरी बहुतेक ठिकाणी महिनाअखेरीला हिशेब बंद आणि पुढच्या महिनाअखेरीला पैसे जमा. तारखेवरून कोणी फोन करत नाही. थकलंच तर पत्रात "एव्हाना भरले असतील तर क्षमा असावी" असं असतं.

खडूस_काका:
जर्मनांना फार डोक्यावर घेऊ नकोस. मोठ्या गिऱ्हाइकाने करारात 60 दिवस लिहून घेतले की तिथलाही छोटा कारखानदार गप्प बसतो. कोणाला कोणाची गरज जास्त, एवढाच प्रश्न असतो. तुमच्या कंपनीचा सगळ्यात मोठा ग्राहक काढ आणि त्याला पत्र कधी गेलंय ते बघ.

वसुलीकन्या:
काका, बघितलं. त्याला 60 दिवस आहेत आणि पत्र एकही नाही. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "त्यांना मी स्वतः फोन करते." आधी सुट्टी कशी गेली ते विचारतात म्हणे! पेपर आता यावरच. देशाऐवजी ग्राहकाच्या आकाराप्रमाणे रकाने पाडणार.

ताळेबंददादा, बाबांचं उद्यम रजिस्ट्रेशन (लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) आहे, पण बिलावर नंबर नाही. छापायला सांगू का? पार्टीला टोचेल?

ताळेबंद:
सांग. मागणी वगैरे काही नको, जीएसटी नंबरखाली नुसता उद्यम नंबर. शेठ वाचणार नाहीत, त्यांचा सीए वाचेल, वजावट अडते ना. आणि बाबा माल विकत घेऊन पुढे विकत असतील तर त्या बिलांना हा 45 दिवसांचा नियम लागत नाही, फक्त स्वतः बनवलेल्या मालाला आणि जॉबवर्कला. ती बिलं वेगळी काढा.