विल्यम्सच्या मार्चला ‘नुसतं पार्श्वसंगीत’ म्हणू नका

प्रभातरोड:
गेल्या रविवारी कोथरूडला मित्राकडे जमलो होतो. हॉलिवूडचे संगीतकार जॉन विल्यम्स यांचा मार्च (कवायतीच्या ठेक्याची धून) लावला, इंडियाना जोन्सच्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ या सिनेमातला. मित्राचे काका वर्षानुवर्षं सवाईला जाणारे, कान तयार. ते म्हणाले, “पडद्यावर माणूस पळतोय म्हणून मागे वाजतंय. पडदा काढा, काय उरतं?” तेव्हा मला धड बोलता आलं नाही. ते मनात राहिलं, म्हणून इथे लिहितोय.

काकांच्याच भाषेत सांगतो. हार्मोनियम घ्या आणि पांढरी एक षड्ज धरून वाजवा: ग म प सां. थांबा. रे ग म. थांबा. प ध नी मं. थांबा. मग ध नी सां रें गं. सगळे शुद्ध स्वर, पोरालाही वाजवता येईल. पण चाल बघा. पहिल्यांदा तार षड्जावर उडी, लगेच खाली घसरण. तिसऱ्या तुकड्यात एकदम तार मध्यमापर्यंत झेप, आणि शेवटी पायरी पायरी चढत तार गंधारावर मुक्काम. पडतो, उठतो, पुन्हा उडी मारतो. इंडियाना जोन्स हा माणूस या चार तुकड्यांत पुरा उभा आहे, आणि त्यासाठी मला पडदा लागत नाही.

शिवाय १९८१ साली विल्यम्सनी सिनेमाचा दिग्दर्शक स्पीलबर्गला दोन वेगळ्या धून ऐकवल्या होत्या, निवडायला म्हणून. त्याला दोन्ही हव्या झाल्या. एक मुख्य धून झाली, दुसरी तिच्या मधल्या भागात बसली. अंतऱ्यानंतर मुखडा परत येतो तेव्हा अंगावर काटा येतो, तो याच बांधणीमुळे.

खर्ज:
स्वर लिहून दिलेत ते छान, वाजवून पाहिले. तरीही काकांशी सहमत. विल्यम्सचं ‘स्टार वॉर्स’ (१९७७) ऐका आणि मग जुन्या हॉलिवूडचा संगीतकार कॉर्नगोल्ड याचं ‘किंग्ज रो’ (१९४२) ऐका. मुख्य धुनेची सुरुवात भावंडांसारखी आहे. लढाईच्या प्रसंगांत इंग्रज संगीतकार होल्स्टची ‘मार्स’ ही वाद्यवृंदाची रचना डोकावते. भक्तमंडळी हे कधी बोलत नाहीत.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. हे संगीत प्रेक्षकाला मोकळं सोडत नाही. आता घाबर, आता छाती फुगव, आता रड, असं सतत बजावत राहतं. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’त हरिहर घरी परततो, मुलगी दुर्गा गेल्याचं त्याला माहीत नाही. त्याची बायको सर्वजया हंबरडा फोडते, पण तिचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. त्या जागी तारशहनाई हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य आहे. एक वाद्य! ‘स्टार वॉर्स’ वाजवणाऱ्या लंडन सिंफनी वाद्यवृंदाचा अख्खा ताफा तिथे काय करणार होता?

पितळी:
खर्ज, उसनवारीचा मुद्दा पटत नाही. एकच बंदिश दहा गायक गातात, आपण चोरी म्हणतो का? कॉर्नगोल्डच्या ‘रॉबिन हूड’ला १९३८ च्या सिनेमांत संगीताचं ऑस्कर मिळालं. पुढे ती मोठ्या वाद्यवृंदाची परंपरा मागे पडत गेली. विल्यम्सनी १९७७ मध्ये ती पुन्हा मध्यावर आणून ठेवली. घराणं टिकवणाऱ्याला नक्कल करणारा म्हणणं अन्यायाचं आहे.

आणि पुण्यात बसून पितळी वाद्यांना परकं कुणी म्हणू नये. विसर्जन मिरवणुकीत मानाच्या गणपतीपुढे प्रभात बँड वाजतो तेव्हा आपले कान काय ऐकतात? क्लॅरिनेटवर नाट्यगीत, खाली पितळेचा भरणा. मी लहानपणी लक्ष्मी रोडवर वडिलांच्या खांद्यावर बसून तो ऐकला. पुढे विल्यम्सचाच ‘सुपरमॅन’चा मार्च कानावर पडला तेव्हा तो मला पाहुणा वाटलाच नाही.

तिसरी घंटा:
सगळं श्रेय एकाच माणसाला का? त्या काळात वाद्यवृंदाची मांडणी करायला हर्बर्ट स्पेन्सर होते. आपल्याकडे हिंदी सिनेमात सेबॅस्टियन डिसूझांसारख्या अरेंजरना कितीतरी वर्षं कुणी विचारलं नाही, तीच चूक चाहते इथे करतात.

प्रभातरोड:
तिसरी घंटा, स्पेन्सर यांचं नाव घेतलंत, बरं झालं. फक्त एवढं लक्षात घ्या की विल्यम्स पियानोपाशी बसून पेन्सिलीने जो कच्चा आराखडा लिहितात, त्यातच कुठलं वाद्य काय वाजवणार हे बहुतेक ठरलेलं असतं. आराखडा म्हणायला कच्चा. १९३२ चा जन्म, आणि २०२३ मध्ये एक्क्याण्णवाव्या वर्षी इंडियाना जोन्सच्या पाचव्या सिनेमाचं संगीत याच पद्धतीने केलं.

खर्ज, तारशहनाईपुढे मी हात जोडतो. त्या प्रसंगाला तेच हवं होतं. पण काकांनी जो प्रश्न मला विचारला, तो १९८२ साली खरोखर घडून गेलाय. स्पीलबर्गच्याच ‘ई.टी.’ या सिनेमाच्या शेवटच्या प्रसंगाचं ध्वनिमुद्रण चालू होतं. सायकलींचा पाठलाग, मग निरोप. विल्यम्सना चित्राच्या प्रत्येक ठोक्याशी वादन जुळवताना संगीताचा श्वास सापडेना. तेव्हा स्पीलबर्गने चित्र बंद करायला लावलं आणि सांगितलं, मैफलीत वाजवता तसं वाजवा. तसं वाजवलं. नंतर स्पीलबर्गने त्या संगीतावर बेतून सिनेमा पुन्हा कापला. म्हणजे पडदा काढला होता, आणि जे उरलं त्याच्या मागे चित्राला चालावं लागलं.

खर्ज:
ही हकिकत मला ठाऊक नव्हती. तो शेवट आज रात्री डोळे मिटून ऐकतो. सर्वजयेच्या बाबतीत मात्र मी तसूभरही हलणार नाही.

पितळी:
हेडफोनवर नको. मोठे स्पीकर असतील त्याच्या घरी जा. फ्रेंच हॉर्न खोलीत घुमले पाहिजेत.