सोसायटीतील सैनिक कुटुंबांना नेमकी कोणती मदत उपयोगी पडते?

धानोरीकर:

नमस्कार. आमच्या धानोरीतील गृहनिर्माण संस्थेत माजी सैनिकांची बरीच घरे आहेत. लोहगाव, दिघी आणि खडकीचा लष्करी परिसर जवळ असल्यामुळे सेवेत असलेल्या जवानांची कुटुंबेही येथे भाड्याने राहतात. दर 26 जानेवारीला ध्वजवंदनानंतर शाल-श्रीफळ देऊन आम्ही काही माजी सैनिकांचा सत्कार करतो. त्यांपैकीच एका निवृत्त हवालदारांचे गेल्या पावसाळ्यात निधन झाले. त्यांच्या पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतन अद्याप सुरू झालेले नाही, हे कार्यकारिणीला देखभाल खर्चाच्या थकबाकीची यादी वाचताना समजले. सत्कारासाठी बाजूला काढलेली रक्कम यंदा त्यांना द्यावी, असे काही सभासदांचे म्हणणे आहे. ती ध्वजदिन निधीत जमा करावी, असे इतरांना वाटते. ज्यांना या व्यवस्थेचा प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी, संस्थेने नेमके काय केले असता अशा कुटुंबांना खरा उपयोग होईल, हे कृपया सांगावे.

निवृत्त सुभेदार, बॉम्बे सॅपर्स:

रकमेचे नंतर पाहू. आधी त्या ताईंची कागदपत्रे एका टेबलावर मांडा. पीपीओ (निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीचे पुस्तक), मृत्यू दाखला, आधार, पॅन आणि बँकेचे पासबुक या सहा कागदांवरील त्यांचे नाव व जन्मतारीख एकाखाली एक लिहून काढा. अडलेली दहा प्रकरणे पाहिलीत, तर बहुतेकांचे मूळ तेथेच सापडेल. लग्नानंतर पलटणीत पार्ट टू ऑर्डर (वैयक्तिक बदलांची अधिकृत नोंद) निघते आणि पत्नीचे नाव सेवानोंदीत चढते. त्या वेळी कोणी ‘सुनंदाबाई’ असे लिहून दिलेले असते, आधारवर ‘सुनंदा’ आणि मध्ये पतीचे नाव असते, बँकेत माहेरचे आडनाव राहिलेले असते, आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याप्रमाणे 1 जून, तर दुसरीकडे निराळीच. पती हयात असेपर्यंत ही विसंगती कोणाला खुपत नाही, कारण निवृत्तिवेतन त्यांच्या नावाने येत असते.

सगळे जुळत असेल, तर स्पर्श या संरक्षण निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन प्रणालीत मृत्यूची नोंद करून कुटुंब निवृत्तिवेतनाची मागणी करता येते. जुळत नसेल, तर दुरुस्तीचा अर्ज संबंधित रेकॉर्ड ऑफिसकडे (सैनिकांच्या सेवानोंदी ठेवणारे कार्यालय) जातो, आणि ते प्रत्येक रेजिमेंटचे किंवा कोअरचे वेगळे असते: आमच्या सॅपर्सचे (लष्करातील अभियंता दल) येथे खडकीत, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला. हवालदार कोणत्या रेजिमेंटचे होते, हे तुम्ही लिहिलेले नाही. पहिली चौकशी तीच करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे अर्ज विनाशुल्क पुढे पाठवते, त्यामुळे ‘काम करून देतो’ म्हणत टक्केवारी मागणाऱ्यांना दारात उभे करू नये.

थकबाकीच्या काळजीत असलेल्या ताईंना हेही सांगा की, निवृत्तीनंतर सैनिकाचे निधन झाल्यास पहिली सात वर्षे, किंवा ते हयात असते तर वयाची 67 वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत, कुटुंब निवृत्तिवेतन वाढीव दराने म्हणजे शेवटच्या वेतनाच्या 50 टक्के मिळते (मात्र पतीच्या निवृत्तिवेतनापेक्षा अधिक नाही), आणि त्यानंतर 30 टक्के. मधल्या काळाची बाकी मंजुरीनंतर मिळते. म्हणून संस्थेने देखभाल खर्चावरील व्याज थांबवले आणि मुदत दिली, तरी मोठा भार हलका होईल. रोख रक्कम हातात ठेवली, तर ती बाई उद्यापासून जिन्यात तुमच्यासमोर मान खाली घालून चालेल. निदान आमच्या गावाकडच्या बायकांचा स्वभाव मला माहीत आहे.

जवानपत्नी, विश्रांतवाडी:

सुभेदार साहेबांनी निवृत्तांविषयी लिहिले आहे. मी सेवेतील कुटुंबांविषयी लिहिते. माझे यजमान सध्या सीमेवर आहेत आणि मी दोन मुलांसह भाड्याच्या घरात राहते. घर मिळवताना सर्वांत मोठी अडचण भाडेकराराची येते. मालकांना करार पतीच्या नावाने हवा असतो आणि नोंदणीसाठी त्यांचा अंगठा लागतो. जो माणूस फोनवरही चार दिवसांनी भेटतो, तो अंगठा द्यायला कोठून येणार? करार पत्नीच्या नावाने करण्यास हरकत नाही आणि पोलीस पडताळणीही त्यावर होऊ शकते, एवढे संस्थेच्या सचिवांनी मालकांना समजावले, तर अनेकींचे अर्धे काम होईल.

दुसरे, कृपया सारखे ‘सध्या कुठे पोस्टिंग आहे, सुट्टीवर केव्हा येणार’ असे विचारू नये, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर ‘आमच्या इमारतीतील जवान अमुक ठिकाणी तैनात’ असे छायाचित्रासह मुळीच टाकू नये. त्यात कौतुक असते हे कळते, पण ती माहिती बाहेर जाण्याची नसते. सीमेवर काही घडल्याची बातमी आली की शेजारच्या काकू टीव्ही लावून मला बोलावतात. त्यापेक्षा त्यांनी त्या संध्याकाळी मुलांना खाली खेळायला नेले, तर मी अधिक ऋणी राहीन.

रात्री मूल आजारी पडले, तर गाडी कोण काढेल, याची दोन नावे आधीच ठरलेली असावीत. ऐन वेळी घंटी वाजवायला संकोच वाटतो. आधीच ठरलेले असेल, तर तो वाटत नाही.

वकील, शिवाजीनगर:

एका गोष्टीची भर घालतो, कारण ती सैनिकांनाही ठाऊक नसते. गावाकडील जमिनीचा वाद, भावकीतील वाटणी, बांधावरचे अतिक्रमण किंवा फेरफाराची नोटीस हे जवानाच्या डोक्यातील कायमचे ओझे असते, आणि तो हजर नसल्याचा फायदा घेणारे लोक दुर्दैवाने घरातलेच असतात. यासाठी भारतीय सैनिक (खटले) अधिनियम, 1925 हा कायदा आहे. जवान युद्धजन्य किंवा विशेष परिस्थितीत सेवा बजावत असल्याचे प्रमाणपत्र त्याच्या अधिकाऱ्याने दिले, तर दिवाणी व महसुली न्यायालयाने अपवाद वगळता कामकाज पुढे ढकलावे, अशी त्यात तरतूद आहे. जिल्हाधिकारी हे जिल्हा सैनिक मंडळाचे पदसिद्ध अध्यक्ष असतात, म्हणून कमांडिंग ऑफिसरमार्फत त्यांना पत्र पाठवण्याचा मार्गही वापरावा. नोटीस आली की ती टपालातून आल्याच्या दिवशीच छायाचित्र काढून जवानाला पाठवणे, हे घरी असलेल्यांनी करावयाचे काम. मुदत तेथून धावू लागते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 2025 मध्ये वीर परिवार सहायता योजना सुरू केली असून तिच्यात सैनिक मंडळांच्या कार्यालयांत विधी सहाय्य केंद्रे चालवण्याची कल्पना आहे. आपल्या संस्थेत वकिली करणारे कोणी असतील, तर त्यांनी महिन्यातून एखादा रविवार द्यावा. फी सोडण्यापेक्षा कागद वेळेवर वाचून देणे अधिक मोलाचे ठरते.

खडकीचा रहिवासी:

सत्काराची रक्कम दुसरीकडे वळवून सत्कार बंद करण्याशी मी मात्र सहमत नाही. माझ्या वडिलांचा 1971 च्या युद्धातील सहभागाबद्दल सोसायटीत सत्कार झाला, तेव्हा नातवंडांनी त्यांची पदके पहिल्यांदा हातात घेतली. ती ट्रंकेत वर्षानुवर्षे पडून होती. सत्कार वाईट नसतो, तो संपल्यावर पुढे काहीच होत नाही, ही खरी तक्रार आहे.

रक्कम द्यायचीच असेल, तर पुण्यातच पाहा. खडकीतील पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र 1974 पासून पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांना सांभाळत आहे, आणि अपंगत्व आलेल्या सैनिकांना व्यवसाय प्रशिक्षण देणाऱ्या क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटची स्थापना 1917 ची आहे. भेटीला जायचे असेल, तर आधी कळवून जा आणि काय हवे आहे ते त्यांनाच विचारा. तीस माणसे फुले घेऊन व्हीलचेअरभोवती उभी राहिली, की बसलेल्या माणसाची काय अवस्था होते, हे मी पाहिले आहे.

धानोरीकर:

सर्वांचे आभार. हवालदार मराठा लाइट इन्फंट्रीचे होते. आज त्यांच्या पत्नीकडे आमच्या महिला सभासद जाऊन आल्या. पीपीओमध्ये त्यांचे नाव आहे, पण जन्मवर्ष आधारपेक्षा दोन वर्षांनी वेगळे आहे. पुढे काय करावे? त्यांची मुलगी अविवाहित असून शिकत आहे. तिच्या उपचारांचे काय?

निवृत्त सुभेदार, बॉम्बे सॅपर्स:

मग अर्ज बेळगावला जाईल. जन्मवर्षासाठी शाळा सोडल्याचा दाखला शोधा. तो नसेल तर काय चालेल ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून त्याप्रमाणेच प्रतिज्ञापत्र करा, अन्यथा ते परत येते. ताईंना बरोबर न्या, पण रांगेत तरुण सभासदाने उभे राहावे. पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत आणि पोचपावती एकाच फाइलमध्ये ठेवा. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागेल. बोटांचे ठसे उमटत नसतील, तर मोबाइलवर चेहऱ्याच्या ओळखीने तो देता येतो, मात्र ओटीपी कोणालाही सांगू नये, हे त्यांना दोनदा बजावा. मुलगी अविवाहित व कमावती नसेपर्यंत ईसीएचएसला (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पात्र असते, पण तिचे कार्ड स्वतंत्र लागते. हवालदारांनी ते काढले होते का, हे उद्याच त्या योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये विचारून घ्या.