तीस नॉटच्या पुढे बोट डोलते आणि डाव्या वळणावर उजवे इंजिन सुटते : दोष नेमका कुठे शोधावा?

खाडीकाठचा (बेलापूर)

नमस्कार. आमच्याकडे नऊ मीटर लांबीची, खोल व्ही आकाराच्या तळाची फायबरची बोट असून तिला प्रत्येकी १५० अश्वशक्तीची दोन पेट्रोल आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर टांगलेली) इंजिने आहेत. दोन्हींचे पंखे (प्रोपेलर) १७ इंच पिचचे, म्हणजे न घसरता एका फेऱ्यात १७ इंच पुढे सरकणारे, तीन पात्यांचे आहेत. पावसाळ्यात बोट बाहेर काढून ठेवली होती आणि त्याआधी दोरी अडकून वाकलेला उजव्या इंजिनाचा पंखा त्याच काळात एका कार्यशाळेतून सरळ करून आणला. तेव्हापासून २६ नॉटपर्यंत बोट पूर्वीसारखीच चालते. मात्र तिशी ओलांडली की ती डावीकडून उजवीकडे डोलू लागते, प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि चाक फिरवून सावरायला गेलो की आणखी बिघडते. डाव्या हाताला जोरात वळलो, तर उजव्या इंजिनाचे मिनिटाचे फेरे एकदम वाढतात आणि जोर निघून जातो. उजव्या वळणावर डाव्या इंजिनाचे असे काही होत नाही.

ज्यांना दाखवले त्यांनी मोठे ट्रिम टॅब (बोटीच्या पाठीला तळाशी बसणाऱ्या, वरखाली होणाऱ्या पट्ट्या) बसवण्याचा सल्ला दिला आहे. खर्च बराच आहे, म्हणून आधी येथे विचारतो.

पंखा आणि पाणी (तुर्भे)

टॅब तूर्त घेऊ नका. टॅबने नाळ (बोटीचे पुढचे टोक) खाली दाबली की डोलणे कमी झाल्यासारखे वाटेल, पण मूळ दोष तसाच राहील. शिवाय टॅब जास्त उतरवून वेगात गेल्यास नाळ पाण्यात रुतते आणि बोट अचानक एका बाजूला वळते, जे डोलण्यापेक्षा कितीतरी धोक्याचे आहे.

आपण दोन वेगळी लक्षणे एकत्र सांगितली आहेत आणि माझ्या मते त्यांची कारणेही वेगळी आहेत. नाळ वरखाली आपटत असती, तर मी वजनाची वाटणी, ट्रिमचा कोन (इंजिन आत-बाहेर कलते तो) आणि तळाच्या मागच्या भागात आलेला बाक यांच्याकडे पाहिले असते. डावे-उजवे डोलणे हा मात्र बहुतेक वेळा सुकाणूचा आजार असतो. वेग वाढतो तशी व्ही तळाची बोट पाण्याबाहेर उचलली जाते आणि शेवटी पाठीकडच्या तळाच्या एका अरुंद पट्ट्यावर तोललेली राहते. अशा अवस्थेत इंजिने आपल्या जागी अर्धा-पाऊण सेंटिमीटर जरी हलत असतील, तरी प्रत्येक हेलकाव्याबरोबर त्यांचा रेटा बाजू बदलतो आणि पुढच्या हेलकाव्याला बळ देतो. चालक चाक फिरवतो तोही नेमका अर्धा क्षण उशिरा, त्यामुळे त्याची दुरुस्ती उलट्या बाजूला पडते.

म्हणून बोट ट्रेलरवर असताना एकाने चाक घट्ट धरावे आणि दुसऱ्याने इंजिनाचा खालचा पाय (पंखा असलेला, पाण्यात उतरणारा भाग) दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे ढकलून पाहावा. चाक स्थिर असूनही इंजिन हलत असेल, तर हायड्रॉलिक सुकाणूच्या तेलात हवा शिरली आहे किंवा सांधे झिजले आहेत. दोन्ही इंजिनांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या टोकांचे गोल सांधे वेगळे तपासा, कारण एक इंजिन घट्ट आणि दुसरे सैल असे येथे सहज घडते. त्यानंतर दोन्ही पायांमधले अंतर पुढच्या टोकाशी आणि मागे पंख्याच्या दांड्याशी टेपने मोजावे. उत्पादकाच्या पुस्तिकेत वेगळा आकडा दिलेला नसेल, तर ही दोन मापे सारखी असली पाहिजेत.

उजवे इंजिन सुटण्याबाबत माझा संशय दुरुस्त केलेल्या पंख्यावर आहे. पात्याच्या मागच्या कडेला जो बारीक वाक असतो, तो वळणावर हवा मिसळलेल्या पाण्यातही पंख्याला पकड देतो. पाते ठोकून सरळ करताना हा वाक सपाट झाला, की पंखा वरून अगदी नवा दिसतो आणि वळणावर दगा देतो. डाव्या वळणात बोट डावीकडे कलते, उजवे इंजिन वर उचलले जाते, आणि पकड गेलेल्या पंख्याला तेवढे निमित्त पुरते.

पूर्ण थ्रॉटलला दोन्ही इंजिनांचे फेरे किती येतात आणि जीपीएसवर वेग किती दिसतो, ते कृपया कळवा.

जुना तांडेल (दिवाळे)

वरच्या उत्तराला पूरक म्हणून सांगतो. बोट पुन्हा पाण्यात उतरवून किती दिवस झाले? आपल्या खाडीत तळाला आणि इंजिनाच्या पायाला बार्नॅकल (चिकटून वाढणारे कवचधारी जीव) धरायला फार दिवस लागत नाहीत, आणि पंख्याच्या अगदी पुढे चार दाणे जरी धरले, तरी पंख्याकडे जाणारे पाणी फुटते. खोली मोजणाऱ्या यंत्राचा सेन्सर उजव्या पंख्याच्या रेषेत नवीन बसवला असेल, तर तोही हेच करतो.

चाचणी उधाणाच्या ओहोटीत घेऊ नका. प्रवाह दोन नॉटचा धरला, तर जाताना आणि येताना जीपीएसच्या वेगात चार नॉटचा फरक पडेल आणि तुम्ही तो इंजिनाच्या माथी माराल. भांगाच्या (सर्वांत कमी भरती-ओहोटीच्या) दिवशी, पाणी थांबलेले असताना, एकाच पट्ट्यात दोन्ही दिशांना जाऊन सरासरी काढा. पट्टा मोकळ्या बंदरात निवडा. वाशी पुलाच्या वर फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिकडे असले प्रयोग नकोत, आणि अटल सेतूच्या खांबांजवळ पाणी भोवरते, तिथले निकाल निरुपयोगी. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधूनच चाकावर बसा.

खाडीकाठचा (बेलापूर)

दोघांचेही आभार. तांडेलकाका, बोट उतरवून पाच आठवडे झाले. पाय पाहिले, दोन्ही स्वच्छ आहेत, आणि सेन्सर डाव्या बाजूला जुनाच आहे. काल भांगाला चाचणी घेतली. उजवे इंजिन ५७०० फेऱ्यांना गेले, डावे ५४०० ला अडले, आणि दोन्ही दिशांची सरासरी ३३ नॉट आली. गिअरचे गुणोत्तर २.० आहे, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याचा एक. उजवा-डावा पंखा आपसांत बदलून पाहू का?

पंखा आणि पाणी (तुर्भे)

बदलता येणार नाही. आपली इंजिने एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारी असणार, त्यामुळे एका बाजूचा पंखा दुसऱ्या बाजूला लावल्यास तो पुढच्या गिअरमध्ये बोट मागे ढकलेल. त्याऐवजी कुणाकडून खात्रीचा, त्याच मापाचा उजव्या बाजूचा पंखा दोन तासांसाठी मागून आणा.

आकडे मात्र बोलके आहेत. फेऱ्यांना पिचने गुणावे आणि गिअरच्या गुणोत्तराच्या १२१५ पटीने भागावे, म्हणजे पंखा अजिबात न घसरल्यास येणारा वेग नॉटमध्ये मिळतो. उजव्याचा ३९.९ येतो, डाव्याचा ३७.८. प्रत्यक्ष वेग ३३, म्हणजे उजव्या पंख्याची घसरण सुमारे १७ टक्के आणि डाव्याची १३ टक्क्यांच्या आत. अशा तळाला १० ते १५ टक्के घसरण स्वाभाविक मानतात, तेव्हा डावे इंजिन निरोगी आहे. पिचमध्ये एक इंचाचा फरक पडला तर फेऱ्यांत साधारण १५० ते २०० चा फरक पडतो. ठोकताना पिचही थोडे उतरले असावे.

खाडीकाठचा (बेलापूर)

उसना पंखा लावून आज सकाळी फिरवून आणली. फेऱ्यांतला फरक ३०० वरून ८० वर आला, आणि डाव्या वळणावर उजवे इंजिन एकदाही सुटले नाही. डोलणे मात्र तसेच होते, म्हणजे दोन कारणे वेगळी असल्याचे आपले म्हणणे खरे ठरले.

दुपारी ट्रेलरवर घेऊन चाक धरून पाहिले. आडव्या दांड्याचा उजवा सांधा बोटाने हलत होता आणि तेल सोडताना नळीतून बुडबुडे निघाले. सांधा बदलला, हवा पूर्ण काढली, अंतर मोजले तर मागे सहा मिलिमीटर जास्त निघाले, तेही जुळवले. संध्याकाळी ३४ नॉटला चाक जवळजवळ सोडूनही बोट सरळ गेली. ट्रिम फारच बाहेर घेतला तर किंचित हेलकावा येतो, पण ट्रिम एक टिचकी आत घेतला की थांबतो, आणि तेवढे पूर्वीही होत असे.

आता एकच गोष्ट उरली आहे. बोट थांबलेली असताना अजूनही थोडी डावीकडे कललेली दिसते. टाकीत इंधन सारखेच आहे. उद्या फरशीखालचे झाकण उघडून डाव्या कप्प्यात पाणी साचले आहे का, ते पाहतो.