कोलोनिया: गरिबीचा सापळा की घराची पहिली पायरी?

सातबारा: अमेरिकेत टेक्सासच्या हिडाल्गो काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) शहराच्या हद्दीबाहेर पाणी, गटार, पक्का रस्ता यांपैकी काहीही नसलेले प्लॉट विकले गेले. घेणारे बहुतेक मेक्सिकन वंशाचे मजूर. अशा वस्तीला तिथे ‘कोलोनिया’ म्हणतात. ‘ही मंडळी आपापल्यांतच राहतात, म्हणून गरिबी साचते’ हे मला पटत नाही. गरिबी साचली ती कागदामुळे. ‘काँट्रॅक्ट फॉर डीड’ या हप्त्यांच्या करारामध्ये शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विकणाऱ्याची. हप्ता चुकला की प्लॉट, भरलेले पैसे आणि वर बांधलेली खोली, सगळंच गेलं.

विटेवर_वीट: बँक दारात उभं करत नव्हती, तेव्हा दुसरा रस्ता कुठला होता? आधी जुना ट्रेलर, म्हणजे ओढून नेता येणारं तयार घर, मग पगार होईल तशी एकेक खोली. लॉस एंजेलिसच्या बॉइल हाइट्स या मेक्सिकन वस्तीमध्ये जन्मभर भाडं भरणाऱ्याच्या हाती काय उरतं? आपली गुंठेवारी याच हिशेबानं वाढली.

सातबारा: आणि गुंठेवारीतही लोक नोटरीच्या कागदावरच फसले! टेक्सासमध्ये मेक्सिकोच्या सीमेलगतच्या काउंट्यांत १९९५ ला कायदा आला: ४० टक्के रक्कम किंवा ४८ हप्ते भरले असतील, तर विकणाऱ्याला परस्पर जमीन काढून घेता येत नाही. त्याआधी गेलं ते गेलंच. शिवाय सेप्टिक टाकीला नळाचं पाणी असेल तर अर्धा एकर, म्हणजे वीस गुंठे लागतात. त्याहून लहान प्लॉटवर दोन कुटुंबं राहिली की सपाट जमिनीत पावसाळी पाणी मुरत नाही आणि मैला अंगणात येतो.

विटेवर_वीट: नियमांनीही घोळ घातलाच की. पाच एकरांपर्यंतच्या प्लॉटला पाणी-गटाराची सोय सक्तीची केली, हे ठीक. पण मंजूर नकाशा नसेल तर वीजजोडणीही नाही. विकणारा पैसे घेऊन मोकळा, अंधारात बसला घेणारा.

नकाशेवाला: तुम्ही दोघं सीमेवरच अडकलात. १९८६ च्या स्थलांतर कायद्यानं सुमारे २७ लाख लोकांना अमेरिकेत कायदेशीर राहण्याचे कागद मिळाले, त्यांत मेक्सिकन सर्वाधिक. पुढे वस्ती जॉर्जियातल्या डाल्टनच्या गालिचा गिरण्यांकडे, कॅन्ससमधल्या गार्डन सिटीच्या कत्तलखान्यांकडे पसरली. तिथे गरिबी नकाशावर विरळ दिसते, कारण जनगणनेचा एक ट्रॅक्ट, म्हणजे आकडे मोजायचा एक भाग, साधारण चार हजार माणसांचा. साठ ट्रेलरांचा पार्क त्यात बुडून जातो. ट्रेलर स्वतःचा, जागा पार्कवाल्याची. त्यानं पार्क विकला तर १९७६ च्या केंद्रीय बांधकाम मानकांपूर्वीचा ट्रेलर दुसरे बरेच पार्क घेतच नाहीत.

विटेवर_वीट: म्हणजे कोलोनियाच बरा. जमीन तरी आपली.

सातबारा: करार काउंटीत नोंदवला असेल तर. तसा करार २०१५ पासून खरेदीखतासारखाच धरतात, बाकी रकमेचा बोजा तेवढा राहतो. घरच्या ट्रंकेत पडलेल्या करारावर हे लागू नाही.